मिठाला न शिवण्याचे दिवस

रुक्मिणीचा पाडा भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला होता. एकोणीस घरं, एक विहीर आणि तिन्ही बाजूंनी मिठागरं. पौष सरला की पाड्यातलं चालतंफिरतं माणूस मिठागरावर जायचं ते थेट वळवाचे ढग दिसेपर्यंत. पुरुष वाफ्यांत उतरून लाकडी फळ्यांनी मीठ ओढायचे आणि बाया ते पाट्यांत भरून डोक्यावरून बांधावरच्या राशीपर्यंत न्यायच्या. पाटीतून खारं पाणी गळायचं. ते मानेवरून, खांद्यावरून, दंडावरून ओघळत कोपरापर्यंत यायचं, आणि वाटेत कुठे साधं खरचटलेलं असलं तरी जीव नकोसा करायचं. रुक्मिणी वयाच्या बाराव्या वर्षापासून पाटी उचलत होती. आता पंचावन्नाव्या वर्षीही तिची पाटी सुनेच्या पाटीपेक्षा भरलेली असे, आणि ही गोष्ट ती सुनेला दिवसातून एकदा तरी ऐकवी. सून शेवंती गुणाची. ती "व्हय आये" म्हणून पुढे चालू लागे.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात पाड्यात देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणूस आला. घोडबंदरकडच्या कुठल्याशा दगडखाणीवर एका मजुराला देवी आल्याची कुजबुज होती, म्हणून गावोगाव टोचणारे पाठवले होते. पाड्याच्या वाट्याला आला तो लवू. रत्नागिरीकडचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, भाईंदर स्टेशनाजवळ खोली घेऊन एकटा राहणारा. खांद्याला बर्फाचा थर्मास, काखेत वही, पायांत बूट. बोलणं इतकं मऊ की कुत्रं अंगावर आलं तर त्यालाही हा आधी 'अहो' म्हणेल असं वाटावं.

पहिल्या खेपेला त्याला पाड्यात तीन म्हाताऱ्या आणि कोंबड्या भेटल्या. दुसऱ्या खेपेला तो उजाडताच आला, तर पार्वतीनं स्वतःच्या दारात उभं राहून घरात कोणी नाही असं सांगितलं आणि तिच्या पाठीमागे तिची तिन्ही पोरं एकदम खोकली. लवूनं वहीत 'नकार' असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात 'अंधश्रद्धा' लिहून टाकलं.

शिकलेल्या माणसाला अडाण्याच्या नकाराचं हे एकच कारण ठाऊक असतं, त्याला कोण काय करणार. खरं कारण पाड्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सुई टोचली की पाचव्या-सहाव्या दिवशी फोड भरतो, लहानांना ताप येतो, मोठ्यांचा दंड सुजतो. मग पोराजवळ बसायचं कोणी? सुजल्या दंडावर ते खारं पाणी घ्यायचं कोणी? मुकादम महिपत तापासाठी रजा देत नसे, सुईसाठी मागितली असती तर हसला असता. तो काही राक्षस नव्हता. स्टेशनावरच्या दुकानात शेठचा फोन आला की तो स्वतःच उभ्यानं नुसता 'जी, जी' करी. पण भित्रा माणूस राक्षसापेक्षा जास्त काम करून घेतो.

रुक्मिणीला हे कुणी समजावायला नको होतं. बावीस वर्षांपूर्वी असाच एक टोचणारा आला होता. तेव्हा सुई नव्हती, दंडावर दातेरी चक्री फिरवत. तिची चंपा सहा वर्षांची होती. रुक्मिणीनं तिला भाताच्या कणगीमागे लपवलं. देवाच्या भयानं नव्हे. हंगाम ऐन भरात होता आणि पोरीला ताप आला तर घरी बसायला माणूस नव्हतं म्हणून. त्याच चैत्रात चंपाला खऱ्या देवी आल्या. दोन दिवस रुक्मिणी जवळ बसली. तिसऱ्या दिवशी तेव्हाच्या मुकादमानं बोलावणं धाडलं, उधाणाचं पाणी चढायच्या आत रास उचलायची होती. "दुपारी येतंय गो," असं पोरीला सांगून ती गेली. दुपारी आली तेव्हा चंपा शेजारणीच्या मांडीवर गेलेली होती. चार दिवसांनी रुक्मिणीच्या डोक्यावर पुन्हा पाटी होती.

पाड्यानं त्यातून आपल्या परीनं धडा घेतला. देवी घरात असताना ही मिठाला शिवली, म्हणून देवी कोपली, असं सगळ्यांचं ठरलं. तेव्हापासून नियमच झाला: ज्या घरात देवी आली त्या घरानं मिठाला हात लावायचा नाही आणि मुकादमानंही बोलवायचं नाही. पुढे महिपत मुकादम झाला तोही हा नियम पाळू लागला, कारण देवीची भीती त्याला शेठच्या भीतीहून थोडी जास्त होती. रुक्मिणी या नियमाबद्दल कधी काही बोलली नाही. देवी कोपली नव्हती, आई जवळ नव्हती, एवढंच तिला ठाऊक होतं. पण नियम चांगला होता, म्हणून तिनं तो राहू दिला.

आता घरात नात होती, मुलगा शिवा आणि सून शेवंती यांची सुलू, पाच वर्षांची. खाणीवरची कुजबुज ऐकल्यापासून रुक्मिणीची नजर त्या पोरीवरून हलत नव्हती. पोरीला टोचून घ्यायचं हे तिनं मनाशी कधीच ठरवलं होतं. टोचल्यावर ताप येईल तेव्हा आपण पाटीखाली नसू, पोरीजवळ असू, हेही ठरवलं होतं. ते कसं जमवायचं तेवढं सुचत नव्हतं.

ते लवूनं सुचवलं, आणि आपण काय सुचवलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही. तिसऱ्या खेपेला तो संध्याकाळी आला, बाया मिठागरावरून परतल्यावर. रुक्मिणीच्या ओट्याच्या कडेला बसला आणि वाटेत पाठ केलेलं एक वाक्य त्यानं म्हणून टाकलं. एका जुन्या सहकाऱ्यानं त्याला ते शिकवलं होतं, की खेड्यात असं सांगितलं म्हणजे काम होतं.

"मावशी, औषध म्हणून नका घेऊ. देवीच समजा. तिचं हे धाकटं रूप घरात येऊन जातं, म्हणजे मग मोठी येत नाही."

हे म्हणताना त्याचे कान लालबुंद झाले. पोरगं खोटं बोलतंय आणि त्याला बोलता येत नाही, हे रुक्मिणीला दिव्याच्या उजेडातही दिसलं. पण एक शब्द तिनं अलगद झेलला.

"म्हंजे देवी घरान येते, असाच ना?"

"हो. म्हणजे, तसंच."

"सरकारी मानूस सांगतोय, देवी घरान येते," असं ती पुन्हा म्हणाली, यावेळी चार घरं पलीकडे पार्वतीला ऐकू जाईल इतक्या आवाजात. मग तिनं त्याला येत्या शुक्रवारी यायला सांगितलं. सगळा पाडा दंड पुढे करील, थर्मास भरून आण म्हणाली. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती अशी. लवू इतका खूश झाला की जाताना बूट उलटसुलट घालून गेला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर रुक्मिणीनं बायांना सगळं उघडून सांगितलं. सुई घ्यायची, देवी आली म्हणायचं आणि आठ दिवस आपापल्या पोरांजवळ बसायचं. आठ दिवसांची मजुरी बुडेल, हेही सांगितलं. पार्वतीनं विचारलं, महिपतला कळलं तर? रुक्मिणीनं उलट विचारलं, तो काय देवीला जाऊन विचारणार आहे? मग पार्वती हसली आणि सगळ्याच हसू लागल्या, कळश्या भरायच्या राहून गेल्या. पुरुषांना यातलं काही सांगायचं नाही हे वेगळं ठरवावं लागलं नाही. पुरुषांच्या पोटात काय राहतं आणि काय राहत नाही हे बायांना ठाऊकच असतं.

शुक्रवारी लवू आला तेव्हा पाडा अंघोळ करून विहिरीपाशी रांगेत उभा होता. रुक्मिणीनं सगळ्यांदेखत त्याच्या थर्मासला हळदकुंकू लावलं. लवू काहीतरी म्हणायला गेला, पण तिनं नजरेनंच त्याला गप्प केलं. मग तो कामाला लागला. दोन काट्यांची बारीक सुई, लसीच्या थेंबात बुडवायची आणि दंडावर एकाच जागी भराभर पंधरा वेळा टोचायची. सुलूनं पंधरा मोजले. तिला दहापर्यंतच येत होते, म्हणून पाच पुन्हा पहिल्यापासून मोजले, पण रडली नाही. रडला तो तिचा बाप शिवा, आणि डोळ्यांत धूर गेला म्हणाला. विहिरीच्या आसपास कुठेही चूल नव्हती.

शनिवारी सकाळी एकोणीसच्या एकोणीस दारांवर कडुनिंबाचे डहाळे लागले. घरात अळणी शिजलं, फोडणी बंद झाली, चपला माळ्यावर गेल्या. परक्या माणसानं विहिरीच्या अलीकडे यायचं नाही असं ठरलं. महिपत बोलवायला आला, त्यानं डहाळे पाहिले, जागीच पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आल्या वाटेनं परत गेला. मिठागरावर त्या दिवशी बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

पहिले दोन दिवस बायांना बसताच येईना. हात आपोआप कुठलंतरी भांडं घासायला धावत. तिसऱ्या दिवशी शेवंती भरदुपारी झोपली, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, आणि उठल्यावर इतकी ओशाळली की रुक्मिणीलाच तिला दटावून पुन्हा निजवावं लागलं. पाटीचं तर ती त्या आठवड्यात एकदाही बोलली नाही. पार्वतीला आपला धाकटा बोलताना एक डोळा मिचकावतो हे इतक्या दिवसांनी दिसलं, आणि ते ती घरोघर सांगत सुटली. पुरुषांचं मात्र कठीण झालं. त्यांनी येऊन रुक्मिणीला विचारलं, देवीला पत्ते चालतात का? रुक्मिणीनं जरा विचार केला आणि चालत नाहीत म्हणून सांगितलं. खरं तर तिला नियम करायची गोडीच लागली होती.

बुधवारी सकाळी सुलूला ताप भरला. दंडावरचा फोड मोत्याएवढा झाला, आजूबाजूला लाल झालं, डोळे जड झाले. रुक्मिणीनं ओलं फडकं घडी करून कपाळावर ठेवलं आणि पोरीजवळ बसली. याच दिवसासाठी तिनं सगळा घाट घातला होता. तासभर झाला नसेल, तोच दारात लवू उभा राहिला, विहिरीचा नियम मोडून, घामाघूम. तोंडावर रात्रभर झोप नसल्याची कळा.

स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात त्याला बातमी लागली होती. मीठ वाफ्यांत तसंच पडून खालच्या मातीला धरायला लागलंय, अख्खा पाडा घरी बसलाय, आणि कुण्या टोचणाऱ्यानं देवी आली असं सांगितलं म्हणून बसलाय. महिपत आज पाड्यात येणार आहे, तो नीट पत्ता लावल्याशिवाय राहणार नाही, असंही त्यानं ऐकलं होतं. रुक्मिणी ओट्यावर आली तसा तो जवळजवळ रडकुंडीला येऊन बोलला.

"मावशी, माझ्या हातून पाप झालं. देवी वगैरे काही नाही हो यात. औषध आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"हलू बोल," रुक्मिणी म्हणाली. "आत शिवा हाय, आयकंल."

"म्हणजे?"

"म्हंजे मना ठाव हाय. तवाच ठाव व्हता. तुजे कान लाल झालते."

लवू ओट्यावर बसला. साध्याभोळ्या माणसांना आपण फसवलं म्हणून तो तीन रात्री तळमळला होता. आपण फसवलं याचं माणसाला दुःख होतं खरं, पण कुणी फसलंच नव्हतं हे कळल्यावर त्याला आणखी थोडं झालं. रुक्मिणीला त्याची दया आली. तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि तो प्याला तसं हळू आवाजात सांगितलं.

"माजी एक पोर व्हती. तिला देवी आल्या तवा मी मिठाव व्हती. आता आत हाय ना, तिला ताप आलाय. मना तिच्याजवल बसाचा हाय. या सगल्या बायांना पोरांजवल बसाचा हाय, दुसरा कायपन न्हाय. तुज्या सुईला आमी कवाच भ्यायलो नव्हतो रं पोरा."

पोरीचं नाव घ्यावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते तिथंच राहिलं. लवूनं वही काढली, जुनं पान शोधलं, 'अंधश्रद्धा' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरांत 'घरी बसण्यास माणूस नाही' असं लिहिलं. वही मिटता मिटता त्यानं आपली अडचण सांगितली. महिपतराव येऊन मलाच विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही.

"त्ये मी बगितलाय," रुक्मिणी म्हणाली.

ती हे हसून म्हणाली खरी, पण मनात दिवस मोजत होती. अजून दोन-तीन दिवस. ताप उतरेपर्यंत, एवढंच हवं होतं. एका सरळ पोराच्या एका सरळ शब्दानं ते जाणार होतं, आणि त्याला खोटं बोल असं सांगायलाही तिची जीभ रेटेना. असल्या पोराला खोटं शिकवणं म्हणजे दुसरं पाप, असं तिला मनापासून वाटलं.

महिपत आलाच. विहिरीपाशी थांबला, चपला हातात, मान पुढे. पाड्यातली माणसं आपापल्या दारांत येऊन उभी राहिली. पुरुष कुतूहलानं, बाया एकमेकींकडे न बघता. महिपतनं आधी शेठचं सांगितलं. शेठनं दुकानात फोन करून सर्वांसमक्ष शिव्या घातल्या होत्या, आणि उद्या काम सुरू झालं नाही तर बाहेरची माणसं आणीन म्हणाला होता. मग तो लवूकडे वळला.

"तू सरकारचा मानूस. हितं समद्यांच्या म्होरं खरा सांग. देवी हाय का औषध?"

रुक्मिणी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आत सुलू कण्हली ते तिला ऐकू आलं. लवूनं तिच्याकडे पाहिलं, मग महिपतकडे पाहिलं. त्याचे कान यावेळी लाल झाले नाहीत.

"औषध आहे," तो म्हणाला.

दारादारांतून एक कुजबुज उठली. शिवानं बायकोकडे बघितलं, शेवंती जमिनीकडे बघत राहिली. महिपतनं समाधानानं चपला खाली टाकल्या आणि एक पाय आत सरकवला.

"आता औषधाचंही ऐकून घ्या," लवू म्हणाला. त्याचा आवाज अजून मऊच होता, पण थांबत नव्हता. त्यानं सांगितलं की हा फोड भरत असताना त्याला खारं पाणी लागलं तर तो चिघळेल, हात खांद्यापर्यंत सुजेल आणि बाई महिनाभर पाटी उचलू शकणार नाही. पाटीतलं पाणी दंडावरूनच ओघळतं हे त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. फोड सुकून घट्ट खपली धरायला टोचल्यापासून पुरे दहा दिवस लागतात. आणि ज्या घरात पोराला ताप आहे तिथं जवळ एक माणूस लागतं, हे तो वहीत लिहून वर कळवणार आहे, मुकादमाच्या नावासकट.

"धा दिवस?" महिपत म्हणाला. "या तर आठ म्हनत व्हत्या."

"देवीचे आठ असतील. औषधाचे दहा."

पार्वती तोंडाला पदर लावून घरात पळाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न विचारता महिपतला शनिवारी बाया मिळाल्या असत्या, विचारून त्या सोमवारवर गेल्या. तो इतका केविलवाणा दिसू लागला की शेवटी रुक्मिणीच पुढे झाली. तिनं त्याला सांगितलं, पुरुष दंडाला कोरडं फडकं बांधून उद्यापासून वाफ्यांत उतरतील, मीठ ओढून कडेला लावतील, म्हणजे ते मातीला धरणार नाही. शेठला सांग काम चालू झालंय. वाहायचं ते बाया सोमवारी वाहतील, आणि पडलेलं सगळं दोन दिवसांत उचलतील, हा तिचा शब्द. शिवाचा चेहरा उतरला, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

महिपत हिशेब करत उभा राहिला. बाहेरची माणसं आणायची तर तीही टोचलेली असणार किंवा टोचून घ्यायची असणार, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं मान हलवली. "म्हंजे देवी न्हाय तर," असं तो पुन्हा एकदा पुटपुटला, जरासा हिरमुसून.

"तू इचारलास, त्यानं सांगितला," रुक्मिणी म्हणाली. "आता दुसरी चप्पल घाल आनि जा, भाऊ."

तेवढ्यात लवूनं वही उघडून अदबीनं विचारलं की तुमचं नाव यात दिसत नाही, तुमचं टोचून झालंय का? महिपतला एकदम शेठचा फोन आठवला आणि तो गेला. पण ही बातमी त्याच्याही आधी पुढे पोचली होती. त्या आठवड्यात लवू पुढच्या दोन पाड्यांवर गेला तर बाया दंड उघडे करून वाटेतच उभ्या, आणि पहिला प्रश्न एकच, आम्हालाही दहाच ना?

सगळे पांगल्यावर रुक्मिणी आत आली. शेवंती सुलूच्या उशाशी बसली होती, तिला तिनं पोटभर जेवून झोपायला पाठवलं आणि पोरीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. डोकं तापलं होतं, पण श्वास सरळ चालला होता. फडकं भिजवायचं, पिळायचं, ठेवायचं. एवढंच काम. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. दारातून मिठागरं दिसत होती, रिकामी. या वेळी ती नेहमी पाटीखाली असायची आणि घर आतून कसं दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं. कौलातून एक कवडसा पडायचा, तो हळूहळू चुलीकडे सरकत जायचा. चंपाही त्या दिवशी हाच कवडसा बघत पडली असेल, असं तिच्या मनात आलं.

आणि मग तिला रडू आलं. ते आधी तिला कळलंच नाही, सुलूच्या केसांवर पाणी पडलं तेव्हा कळलं. बावीस वर्षांपूर्वी ती रडली होती ती चार दिवस, तेही माणसं जमलेली, कामं पडलेली, मुकादमाचा माणूस दारात. तेवढ्यात जेवढं मावलं तेवढंच ती रडली होती, उरलेलं तसंच राहिलं होतं. आता ते येत होतं आणि तिनं येऊ दिलं. पायांना मुंग्या आल्या तरी ती हलली नाही.

सुलूनं डोळे उघडले. ताप थोडा उतरला होता.

"आजी, तू रडतंस?"

"व्हय."

"तुजा पन दंड दुखतंय?"

"न्हाय गो. मना चंपाची सय आली."

"कोन चंपा?"

पोरीनं हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कुठून? शिवा तेव्हा लहान होता, शेवंतीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या तोंडानं सांगायचं ते बावीस वर्षं मिटलेलं होतं. रुक्मिणीला वाटलं होतं, आपण हे नाव घेतलं तर आपलं काळीज फुटेल. तसं काही झालं नाही. उलट नाव तोंडातून बाहेर आलं आणि घरात एक माणूस वाढलं.

"तुजी आत्या," ती म्हणाली. "तुज्या बापाची मोठी भन."

"माज्याएवडी व्हती?"

"तुज्याहून एक बोट उंच. आनि बोलाला तुज्याहून चुरचुरीत."

सुलू मांडीवर जरा वर सरकली. चुरचुरीत म्हणजे कशी, ते तिला ऐकायचं होतं. रुक्मिणीनं फडकं पुन्हा भिजवलं, पिळलं, तिच्या कपाळावर ठेवलं आणि चंपा कशी होती ते सांगायला घेतलं, अगदी ती जन्मली त्या पावसाळी रात्रीपासून. मधे शेवंती उठून आली आणि तीही ऐकत बसली. तिनं सासूचा हात हातात घेतला. कवडसा चुलीपर्यंत गेला, भिंतीवर चढला, दिसेनासा झाला. तोवर गोष्टीतली चंपा जेमतेम चालायला लागली होती. पण घाई नव्हती. सोमवार लांब होता, आणि तोवर रुक्मिणीला कोणी बोलवायला येणार नव्हतं.